पाळीनं पाजलेली पोरं

माजी नातसून परवा तिच्या पोरीचं नाव घालून आली. पोरगी अजून चड्डीत पाय घालताना दोन्ही पाय एकाच भोकात घालती, आन तिचं नाव शाळंत. नातसुनंनं एक रंगीत कागद दाखवला. सकाळी गानी, मग खाऊ, मग चित्रं, मग झोप. म्हनली, "आजी, तुमच्या येळंला असलं काय नव्हतं, न्हाय का?"

नव्हतं म्हनं! अगं बये, आमच्याकडं पोरांस्नी दूध पाजायची बी पाळी लावली व्हती. पाटाच्या पान्याला लावत्यात तशी. आज सांगितलं की समदी हसत्यात. तवा हसायची सोय नव्हती, कारन पाळी लावनारा मानूस हातात काठी घिऊन बांधावर हुबा असायचा.

त्यो मानूस म्हंजी आमचं तात्या. मोठं बागायतदार. अंथुर्ण्याच्या अलीकडं, पाटाच्या कडंला त्यांचं रान. वरच्या अंगाला ऊस, खाली वांगी, मिरच्या, गवार. दर बेस्तरवारी भाजी बारामतीच्या बाजाराला जायची, त्यामुळं बुधवारी आमच्या कंबरंचं काय खरं नसायचं. सोराज्य येऊन काय वर्सं झाली व्हती म्हनं. आमच्याकडं त्ये अजून बांधाच्या पल्याड हुबं व्हतं, आत या म्हनायला कुनी मोकळं नव्हतं.

आमी बाया खुरपायला जायचो. ज्यांची पोरं अंगावर पिती त्या पोरं घिऊनच यायच्या. बांधावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळ्या टांगायच्या, आन वळीला बसायचं. एकाचं पोर रडलं की दुसरं रडायचं, मग बाया एकेक करून उठायच्या. तात्यांच्या अंगाची लाही व्हायची. म्हनायचं, "ह्या बाया खुरपायला येत्यात का बारसं जेवायला?"

म्हनून बाया काय करायच्या, घरनं निघतानाच पोराला गोळी द्यायच्या. बाजारात मिळायची. नाव बाळगोळी. आत काय हाय त्ये समद्यांस्नी ठावं व्हतं. अफू. मोहरीएवढी उगाळून चाटवली की पोर दुपारपातूर गप. तात्या खूश, रान खूश, आन आमी बी म्हनायचो, गुनाचं हाय, रडत न्हाय. एकीचं पोर असंच एक दिवस लई गुनाचं झालं. उठलंच न्हाय. तिसरा दिवस झाल्यावर ती पुन्हा वळीला आली. कुनी काय बोललं न्हाय. आमी समद्यांनीच आपापल्या पोराला चाटवून आनली व्हती, काय बोलनार?

तर अशात तात्यांच्या थोरल्याचं लगीन झालं आन पुन्याची सून आली. तिला आमी वैनी म्हनायचो. शिकल्याली. पोरं कशी सांभाळायची ह्येचं बी तिनं पुन्यात शिक्षान घेतलं व्हतं. त्येला बी शिक्षान लागतंय ह्ये आमाला तवाच कळलं. वाड्यावर तिला करायला काय नव्हतं. सैपाकाला बाई, पान्याला गडी. मग ती म्हनली, मळ्यात बालवाडी काढू या. तात्यांनी इचारलं, त्यानं काय हुईल? ती म्हनली, मुलांना चांगल्या सवयी लागतील. तात्या म्हनलं, आन बाया वळीवरनं उठनार न्हाईत? ती म्हनली, नाही उठणार. झालं. दोघांचं एकमत झालं. एकमत झालं म्हंजी दोघांनीबी एकमेकांचं ऐकलं नव्हतं.

गुऱ्हाळाचं जुनं छप्पर व्हतं, त्ये सारवून घेतलं. तितं गुळाचा वास जायचा न्हाय, त्यामुळं मुंग्यांची बालवाडी आधीपासनं भरत व्हती. त्यात आमच्या पोरांची भर.

पोरांवर बाई पायजे म्हनून मला धरली. माजा नवरा तात्यांच्या इहिरीतला गाळ काढताना वरनं दरड पडून गेल्याला. तात्यांनी मला लुगडं दिलं, पोतंभर जवारी दिली आन चारचौघांत सांगितलं, हिला मी काम दीन. दिलं बी. खोटं कशाला बोलू? मी जास्ती बोलत न्हाय, ह्यो माजा गुन त्यास्नी आवडायचा. बोलायचं लई व्हतं, पन इहीर त्यांची, रान त्यांचं, जवारी बी त्यांचीच.

पहिल्याच दिवशी वैनीनं मला छपरात बसवून नेम सांगितलं. हात धुतल्याबिगर पोराला शिवायचं न्हाय. पोराला मारायचं न्हाय. भूत आलं, बागुलबुवा आला, असलं भ्या दाखवायचं न्हाय. मी मान हालवत व्हते. शेवटाला म्हनली, "आणि बाई, तुमचं स्वतःचं मूल इथं आणायचं नाही."

मी म्हनले, "का वो वैनी? त्ये बी ल्हानच हाय."

"म्हणूनच. आईचं लक्ष आपल्याच मुलावर राहतं. आम्हाला तसंच शिकवलंय. तुम्हाला सगळी मुलं सारखी वाटली पाहिजेत."

माजं पोरगं दोन वर्साला टेकलं व्हतं. आता बगा, समद्या रानातल्या बायांची पोरं मी सांभाळायची, आन माजं घरी सासूपाशी. सासूला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आन दुसऱ्यानं फक्त माज्या चुका दिसायच्या. पोरामागं पळायची ताकद तिच्यात नव्हती. मग ती बी गोळी चाटवायची. सकाळी एक, आन रडलं तर दुपारी एक. तिला दोष देत न्हाय. तिनं माज्या नवऱ्याला बी तशीच चाटवून वाढवलं व्हतं.

मी दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून सांजच्याला घरी यायचे, तर माजं चुलीपाशी पडल्यालं. डोळं अर्धं उघडं. तोंडावर माशी बसली तर हाकलायचं न्हाय. हाक मारली की मान वळवायचं, पन बगायचं भलतीकडंच. त्येच्या बरोबरीची पोरं कोंबड्यांमागं पळायची. ह्ये अजून भिंतीला धरून हुबं ऱ्हायना. हात बगा तर काटकी. मला त्या बाईचं गुनाचं पोर डोळ्यापुढं दिसायचं, जे उठलं नव्हतं. एकच घोर लागला व्हता. ह्येला त्या छपरात न्यायचं कसं?

काम सोडा म्हनाल, तर तात्यांचं काम सोडल्याली बाई आजूबाजूच्या रानात कुनी घेत नव्हतं. काय समदं तात्यांनीच सांगून ठिवलं व्हतं असं न्हाय. सांगायला लागतच नव्हतं.

आता त्या बालवाडीचा दिवस कसा असायचा त्ये सांगते, म्हंजी नातसुनंला कळंल.

वैनीनं एका फळीवर खडूनं टायमटेबल लिवलं आन छपराला टांगलं. वाचता येनारी तितं ती एकलीच, म्हंजी तिनं स्वतःलाच लिवून दाखवलं. सकाळी पोरं आली की दारात ती एकेकाचं डोळं बगायची. गोळी दिल्यालं पोर आत घेनार न्हाय म्हनली. ह्ये तिनं चांगलं केलं, मी न्हाय म्हननार न्हाय. बायांनी भिऊन गोळ्या बंद केल्या. पन त्यामुळं पहिलं काय दीस छपरात नुसता कालवा. फळीवर लिवल्यालं, विश्रांती. एक पोर विश्रांती घेना. एक रडतंय, एक वकतंय, एक मातीत गडबडा लोळतंय. वैनी कानावर हात ठिवून म्हनायची, "बाई, झोपेची वेळ झालीय." मी म्हनायचे, "व्हय वैनी. मला बी लई झोप आलीया."

मग गानी. वैनीच्या गान्यात एक बदक असायचं, त्ये डुलत डुलत पान्यात जायचं. आमच्याकडं बदक कुनी बापजन्मी बगितलं नव्हतं. पोरांनी म्हशीवानी हंबरून साथ दिली. त्यानंतर मोकळा खेळ. त्यासाठी वैनीनं रंगीत लाकडी मनी आनलं व्हतं. एका पोरानं त्यातला लाल मनी गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यो सापडला, आन वैनीनं हात धुवायचा टाइम वाढीवला. पन त्या हात धुन्यानं डोळं यायचं कमी झालं, खरूज गेली, ह्ये बी तितकंच खरं हाय. आन उवा लई म्हनून तिनं न्हाव्याला बोलवून एक तान्हं पोर सोडून समद्या पोरांची डोकी भादरली. पोरं समदी एकसारखी दिसाया लागली, वांग्याच्या वाफ्यातल्या वांग्यावानी.

आता दूध. वैनीनं फळीवर लिवलं व्हतं की दोन येळंला आयांनी येऊन पोरांस्नी पाजून जावं. ती येळ झाली की मी छपराबाहीर येऊन थाळी वाजवायची. पहिल्या दिवशी थाळी वाजीवली, आन समद्या बाया एकदम उठल्या. खुरपी वळीत, बाया छपरात. तात्या बांधावर हुबं. सबंध रानात एक बाई न्हाय. तात्यांच्या तोंडाकडं बगवत नव्हतं.

"ह्ये काय? समदं रान वसाड टाकून चाललाय व्हय?"

वैनी म्हनली, "मामंजी, मुलांना वेळेवर दूध मिळायला हवं."

"मिळू द्या की. मी कुठं नगं म्हनतुय? पन समद्यांनी एकदम चारी फोडली तर पाट चालंल का? पाळी लावा."

तात्यांचा सबंध जलम पाटावर गेल्याला. पाटाचं पानी कधी येतंय, कुनाला आधी, कुनाला मागनं, चोरून कोन घेतंय, ह्येच्यापल्याड त्यांच्या डोक्यात काय शिरायचं न्हाय. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाळी लावली. पाटाच्या शेवटाला आमच्याकडं टेल म्हनत्यात. पान्याची पाळी टेलाकडनं वर चढत जाती, म्हंजी शेवटच्यावर अन्याय नको. तशीच ही. खालच्या शेवटच्या वळीची बाई आधी उठंल, पाजून परत बसंल, मगच तिच्या वरची उठंल. वरच्या अंगाच्या बाईचं पोर तवर काय करंल? तात्या म्हनलं, "रडंल. मिळनारच हाय की शेवटाला."

वैनी म्हनली, "मामंजी, अहो ते मूल आहे, ऊस नाही."

तात्या म्हनलं, "ऊस रडत बी न्हाय."

एक बाई व्हती, बावडा गावास्नं दिल्याली. तिला आमी बावड्याचीच म्हनायचो. तिची चार-पाच म्हयन्यांची पोर छपरात असायची, आन तोंड असं की भलेभले बगल देऊन जायचं. एक दिवस तिची वळ पार वरच्या अंगाला आली. पोर तिकडं रडून निळी पडाया लागल्याली, आन पाळी अजून खालीच रेंगाळल्याली. ती तरातरा उठून तात्यांच्या म्होरं हुबी ऱ्हायली. चोळी भिजून चिंब. म्हनली, "तात्या, माजा पाट फुटलाय बगा. पाळी लावून थांबतुय का इचारा त्येला."

तात्यांनी वर आभाळाकडं बगितलं. आभाळात काय नव्हतं. "जा, जा," म्हनलं, आन काठी आपटत दुसऱ्या बांधाला गेलं. दुसऱ्या दिवशी पाळी पुन्हा व्हती तशीच.

ह्या बावड्याचीलाच मी माज्या पोराचं सांगितलं. दुपारची भाकरी खात बसलो व्हतो.

ती म्हनली, "आन की मग."

"कसं आनू? वैनीचा नेम हाय."

"नेम काय हाय? तुजं आनायचं न्हाय. तुजं नको आनू. माजं म्हनून आन."

"तुजं एक हाय की आत."

"मग हिचं म्हन." तिनं शेजारच्या बाईकडं बोट दाखवलं. "उद्या तिचं म्हन. आमच्यातली रोज एक तरी घरी ऱ्हातीच. जिचं पोर आलं न्हाय, तिच्या जागंवर तुजं. डोकी समदी भादरल्याली हायती, कोन वळखतंय?"

मी म्हनले, "वैनी रोज दारात बगती."

"डोळं बगती गं. तोंड कुठं बगती?"

खरंच व्हतं त्ये. समदी पोरं सारखी वाटली पायजेत, ह्ये मी न्हाय, पन वैनीनं मातर मनापासनं शिकून घेतलं व्हतं.

पन दारात डोळं बगायची, म्हंजी आधी गोळी सुटायला पायजे. मी सासूच्या बटव्यातनं गोळ्या काढून चुलीत टाकल्या. त्या दिवसांचं काय सांगू? पोरगं थरथरायचं, घामानं भिजायचं, पोट धरून किंचाळायचं, खाल्ल्यालं समदं बाहीर. सासू म्हनायची, "मारतीस का काय माज्या नातवाला? दी की त्येला जरा." मी त्येला खांद्यावर टाकून अंगनात येरझाऱ्या घालायचे. शेवटाशेवटाला त्यानं माज्या खांद्याला असा चावा घेतला की रगात आलं. मला बरं वाटलं. दातात जोर हाय म्हनलं.

मग एक दिवस त्येचं बी डोकं भादरून घेतलं आन सासूला सांगितलं, "ह्येला मी रानात न्हेते."

ती म्हनली, "मग माज्यापाशी कोन?"

मी म्हनले, "दळायचं जातं हाय की." तसं बोलाया नको व्हतं का पायजे व्हतं, ह्येचा इचार करायला मला उसंत नव्हती. उजाडायला बावड्याचीच्या कडंवर पोर दिऊन मी मोकळ्या हातानं म्होरं गेले.

वैनीनं त्येचं डोळं बगितलं. "हा थोडा अशक्त आहे. कुणाचा?"

"माज्या जावंचा," बावड्याची म्हनली. "ती आज उसात हाय."

"पेज जास्त द्या त्याला, बाई," वैनी मला म्हनली.

"दीन की वैनी," मी म्हनले.

असं सुरू झालं. आज जावंचा, उद्या नंदंचा, परवा अंथुर्ण्याच्या बाईचा. मी त्येला शिकवलं, मला आई म्हनायचं न्हाय. समदी पोरं मला बाई म्हनायची, त्यो बी बाई म्हनाया लागला. पेज वाढताना मी त्येच्याकडं शेवटाला जायचे. पडला तर धावायचे न्हाय, त्येच्या आधी दुसऱ्या कुनाला तरी उचलायचे. आन त्यो अजून पीत व्हता. छपरात मी त्येला पाजू शकत नव्हते. मग बावड्याची तिच्या पाळीला यायची, एका मांडीवर तिची पोर, दुसऱ्या मांडीवर माजा, आन म्हनायची, "दोन्ही वाफं माज्याच चारीवर टाकल्यात. तात्यांला सांगून पाळी वाढवून घ्यायला पायजे." मी दाराकडं तोंड करून हुबी ऱ्हायचे. माजी चोळी वली व्हायची ती पदराखाली घ्यायचे.

त्येच्या अंगावर हळूहळू मास धरलं. माश्या हाकलाया लागला. एक दिवस खांबाला धरून हुबा ऱ्हायला, खांब सोडला, आन पाच-सहा पावलं टाकत गेला. कुनाकडं? बावड्याचीकडं. ती पाळीला आलती. मी टाळ्या वाजीवल्या. समद्या पोरांसाठी वाजीवते तशाच.

मग एक दिवस इंदापुरास्नं कुना मोठ्या सायबाची बायको बालवाडी बगायला येनार म्हनून सांगावा आला. वाड्यावर नुसती धांदल. वैनीनं आधी दोन दीस पोरांकडनं टायमटेबल करून घेतलं. झोप म्हनलं की समद्यांनी आडवं व्हायचं. कुनी हुईना. बावड्याची माज्या कानाशी लागून म्हनली, "देऊ का एकेक मोहरीएवढी?" तात्यांनी त्या दिवसापुरती पाळी बंद केली. पाव्हन्यांच्या म्होरं समद्या पाटांला एकदम पानी. बायांस्नी धुतल्याली लुगडी नेसून या म्हनलं, जसं काय आमच्याकडं दुसरी न धुतल्याली ठिवल्याली व्हती.

मोटार आली. बाई चांगली व्हती, उगं नाव ठिवत न्हाय. रेशमी लुगडं नेसून मुंग्यांच्या छपरात मांडी घालून बसली. पोरांनी हात धुतलं. बदकाचं गानं झालं. टायमटेबल बरूबर चाललं व्हतं. आया कडंला वळीनं हुब्या. आन त्या बाईनं पोरांच्या घोळक्यातनं नेमका माजा उचलला. मांडीवर घेतला. गाल ओढला.

"किती गोड आहे हो! कुणाचा हा?"

त्या दिवशी त्यो अंथुर्ण्याच्या बाईचा व्हता. पन पाव्हनी आल्यामुळं समद्यांची धांदल, आन बावड्याचीला वाटलं आज बी जावंचाच. त्यामुळं दोघी एकदमच बोलल्या.

अंथुर्ण्याची म्हनली, "माजा."

बावड्याची म्हनली, "माज्या जावंचा."

आन मागनं तिसरी एक भाबडी बाई व्हती, तिला वाटलं आपली पाळी चुकली. ती घाईघाईनं म्हनली, "न्हाय, न्हाय, आज माज्याकडं हाय त्यो."

पाव्हनी हसाया लागली. वैनीचं तोंड लाल. तात्यांनी काठी टेकली. "एका पोराला आया किती?"

तिघींनी पदर सावरलं.

"पोर कुनाचं हाय त्ये सांगा."

अंथुर्ण्याचीनं बावड्याचीकडं बगितलं, बावड्याचीनं छपराकडं.

तात्या म्हनलं, "बरं. ज्येची आई ठरत न्हाय त्ये पोर उद्यापासनं आत घ्यायचं न्हाय. बाहीरची पोरं आनून पेज खाऊ घालत्यात, चोरून पानी मारल्यावानी. आन ह्या तिघींचा बी उद्यापासनं खाडा."

पोरगं त्या बाईच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या वाजीवत व्हतं. माज्या डोळ्यापुढं चूल आली. चुलीपाशी त्येची जागा, आन सासूचा बटवा. तिनं नवीन गोळ्या आनून ठिवल्या व्हत्या, तिला बी कंबरदुखीला लागायच्याच.

मी म्हनले, "माजं हाय तात्या."

"काय?"

"पोर माजं हाय. ह्यांचं कुनाचं न्हाय. ह्यांनी माज्यासाठी सांगितलं."

वैनी म्हनली, "बाई! मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं वैनी."

पाव्हनीनं पोराकडं बगितलं, माज्याकडं बगितलं. मग वैनीला म्हनली, "अगं, पण केवढी शिस्त लावलीयस तू! एवढा वेळ आई समोर उभी आहे, आणि मूल तिच्याकडे धावलंसुद्धा नाही."

वैनीला कळंना हसावं का काय करावं. तिनं मान खाली घातली. मला त्या बाईची शाबासकी अजून मोजता आली न्हाय, कुठल्या मापात घालावी.

मोटार गेल्यावर निवाडा झाला. वैनी म्हनली, "नियम म्हणजे नियम, बाई. मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." तिचं डोळं भरल्यालं व्हतं, पन नेम काय तिनं मोडला न्हाय.

तात्या म्हनलं, "उद्यापासनं खुरपायला ये. वरच्या वळीला."

मी म्हनले, "येते." मग इचारलं, "वैनी, मी खुरपायला आले की माजं पोर?"

वैनीनं फळीकडं बगितलं. तिच्या ध्यानात आलं. म्हनली, "खुरपायला येणाऱ्या बायकांची मुलं... घेतो आपण."

"म्हंजी घेनार?"

"घेणार."

"घेनार की," तात्या म्हनलं. "त्येला बी पाळी लागंल."

छपरावर नवी बाई म्हनून कुनाला निवडलं सांगू? बावड्याचीला. पाव्हनीनं जाता जाता सांगितलं व्हतं म्हनं, ही दुसरीच्या पोराला किती मायेनं सांभाळती. आन नेम तर तसाच हुबा व्हता. छपरावरच्या बाईनं स्वतःचं पोर आनायचं न्हाय. बावड्याचीची पोर तर अजून भाकरी बी खात नव्हती. तिच्या घरी बी सासू व्हतीच, आन सासूपाशी बटवा.

  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका कडंवर माजा आन दुसऱ्या कडंवर तिची पोर घिऊन छपरापाशी गेले. बावड्याची आत हुबी, मोकळ्या हातानं. तात्या दारातच व्हतं.

"ह्ये दुसरं कुनाचं?"

"माजंच."

"काल तर एकच व्हतं."

"काल तुमी एकाचंच इचारलं, तात्या."

तात्यांनी वैनीकडं बगितलं. वैनीनं आधी माज्या पोराचं डोळं बगितलं, मग त्या पोरीचं. त्या पोरीला ती पहिल्यापासनं बगत व्हती. उवा नव्हत्या म्हनून तिचं जावळ तेवढं ठिवल्यालं, सबंध बालवाडीत केसाचं एकच पोर. कुनीबी वळखलं असतं. वैनीनं दोघांच्या पापन्या खाली सोडल्या आन बावड्याचीला म्हनली, "यांचे हात धुवून घ्या."

मी दोन्ही पोरं बावड्याचीच्या हातात दिली आन रानात गेले. खुरपं घिऊन वरच्या अंगाला वळीवर बसले. पाळी टेलाकडनं सुटनार व्हती, म्हंजी माजा नंबर पार शेवटाला. उनं चढली तशी छपरातनं रडनं ऐकू याया लागलं. आधी तिची पोर, मग माजा. शेजारची म्हनली, "तुजी दोन्ही सुरू झाली की गं."

रडू दे, म्हनलं. जागी तर हायती.